इनोबत आपांनी रंगवलेली सासू

इनोबत आपांच्या वडिलांना मुलगी नटी झाल्याचं कळलं ते मोहल्ल्यातल्या उघड्यावरच्या सिनेमात. मर्गिलानला त्यांचे रेशमाचे माग होते. मुलगी ताश्कंदला शिक्षिका व्हायला गेलीय, असं ते भेटेल त्याला सांगत. त्या संध्याकाळी पडद्यावर एक मोलकरीण पाण्याची घागर घेऊन आली, घागर तिच्या हातून निसटली, मालकिणीनं तिच्या कानाखाली वाजवली, तशी मोलकरणीनं खाली बसून मालकिणीचे पाय धरले आणि तोंड वर केलं. म्हाताऱ्याच्या हातातली टरबुजाची फोड जमिनीवर पडली. ते तसेच उठले, घरी गेले, आणि पुढे कित्येक वर्षं मुलीशी एक शब्द बोलले नाहीत.

"नटी झाले त्याचा राग नव्हताच त्यांना," आपा सांगतात. "मार खाऊन वर पाय धरले, त्याचा आला. आमच्या घरात असं कुणी केलेलं नाही, मग हिला हे आलं कुठून, असं आईला विचारत राहिले."

मी फ्लूरा. आम्ही तातार, पण माझा जन्म ताश्कंदचाच. आधी नाटकात आणि मग सिनेमात मेकअप करत आले. आपांचा चेहरा माझ्या हाताखालून इतक्या वेळा गेलाय की डोळे मिटूनही मी तो रंगवू शकेन. आणि तरी सांगते, तो चेहरा कुणाच्या लक्षात राहायचा नाही. आपांची सगळी कमाई तीच होती. दवाखान्यातली चिठ्ठी देणारी बाई, लग्नात कोपऱ्यात रडणारी आत्या, कापसाच्या शेतावरची मुकादमीण, पोलीस दारात आल्यावर मुलांना पाठीशी घेणारी शेजारीण, अशा शेकडो बाया त्यांनी केल्या. बसमध्ये कुणीतरी हमखास विचारायचं, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय हो. आमच्या शाळेत होतात का?" आपा म्हणायच्या, "होते ना. स्वयंपाकघरात." समोरची बाई खूश होऊन उतरायची.

आपांचं लग्न नाटकातल्या दिवेवाल्याशी झालं, गफूर त्याचं नाव. मूल झालं नाही. आमच्याकडे मूल न झालेल्या सुनेचं मोहल्ला काय करतो ते मी सांगायला नको. पण गफूरची आई अशी बाई होती की बारशाला कुणी आपांना टोचून बोललं की ती पातेल्याचं झाकण आपटून उठायची. "माझी सून सरकारी मोटारीतून दौऱ्यावर जाते, तुमच्यातली कुणी कोपऱ्यावरच्या बाजारापलीकडे गेलीय का?" असं म्हणायची. सून दौऱ्यावरून आली की तिला गरम पाण्यात पाय सोडून बसवायची आणि स्वतः तिचे केस विंचरायची. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आधी म्हातारी गेली, मग गफूर गेला. आपा जुन्या शहरातल्या त्या घरात एकट्या राहिल्या. अंगणात एक तेंदूफळाचं झाड आणि त्याच्यावर भांडणाऱ्या साळुंक्या, एवढीच सोबत.

नाटकाचे दिवस फिरले, सिनेमा आखडला, आणि मग टीव्हीच्या मालिका आल्या. त्यातल्याच एका मालिकेचं नाव होतं 'सात दारांचं अंगण'. दिग्दर्शक अकमल तरुण होता, चलाख होता, वाईट मुळीच नव्हता. त्याला रिसोलत नावाची कजाग सासू हवी होती. ठरलेली नटी आजारी पडली म्हणून त्यानं आपांना बोलावलं.

"आपा, तुम्ही नुसता आरडाओरडा करा. बाकी मी बघतो."

"मला ओरडता येत नाही रे," आपा म्हणाल्या.

पहिलाच प्रसंग चहाचा होता. नवी सून चहा देते, सासू चहाला नावं ठेवते, पेला आपटते, एवढंच लिहिलेलं होतं. सुनेचं काम करणारी मलोहत चहा घेऊन आली. आपांनी पेला हातात घेतला. ओरडल्या नाहीत. मलोहतकडे लाडानं बघितलं, तिचा हात आपल्या हातात घेतला, तळवा उघडला, आपण मुलाच्या हातावर खाऊ ठेवायला उघडतो तसा, आणि त्या तळव्यावर चहा हळूहळू ओतला. "तूच सांग, बाळ," त्या मायेनं म्हणाल्या, "गरम आहे का?"

चहा थंडगार होता, सकाळपासून ठेवलेला. तरीही मलोहतच्या डोळ्यांतून खरोखर पाणी आलं. दिवे धरणारा माणूस दिवा खाली करायला विसरला. अकमल 'थांबा' म्हणाला नाही. माझ्या अंगावर काटा आला, तो आपांना शाल द्यायला गेले तरी गेला नव्हता.

"आपा, हे कुठून आणलंत?"

"आलं आपोआप," त्या म्हणाल्या आणि तोंड धुवायला गेल्या.

मालिका सुरू झाली आणि ती ओळ देशभर पसरली. नानवाला भट्टीतून नान काढून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवताना म्हणायचा, "तूच सांग, बाळ, गरम आहे का?" शाळेत मुलं म्हणायची, लग्नात विदूषक म्हणायचे. आयुष्यभर जिला कुणी ओळखलं नाही ती बाई आता बाजारात गेली की लोक वाट सोडून उभे राहायचे. एक म्हातारी त्यांच्या पिशवीवर थुंकली. दुसरीनं त्यांचा हात धरून डोळ्यांना लावला. आपा दोन्ही वेळा नुसत्या हसल्या. मला वाटतं त्यांना ते आवडत होतं. का आवडू नये? साठी जवळ आली होती, आणि पहिल्यांदाच कुणी त्यांना विचारत नव्हतं की तुम्ही आमच्या शाळेत होतात का.

मग एका रविवारी दुपारी, मी आपांकडे भोपळ्याचे सामसे, आमचे भट्टीत भाजलेले समोसे, खात बसले असताना, दार वाजलं.

दारात विशीची एक मुलगी उभी होती. डोक्याला रुमाल, पाठीवर कमरेखाली गेलेली जाड वेणी, उजव्या हाताला फडकं. नाव ओयजमोल. कोकंदच्या अलीकडच्या एका खेड्यातून घाट ओलांडून आली होती. माहेरी जाते असं सांगून निघाली होती.

"घर कसं सापडलं गं तुला?" आपांनी विचारलं.

"टॅक्सीवाल्याला म्हटलं रिसोलतच्या घरी सोड. त्यानं तीन माणसांना विचारलं. सगळ्यांना ठाऊक होतं."

आपांनी तिला चटईवर बसवलं, नान तोडून पुढे ठेवला. सही मागायला आली असणार असं आम्हाला वाटलं. मुलगी नानाला हात न लावता, मावशीला हाक मारावी तशी म्हणाली, "खाला, एक विचारायचं होतं. पुढे काय होणार आहे?"

"कशात?"

"मालिकेत."

आपा हसल्या. "का? धीर निघत नाही का?"

"तसं नाही." मुलगी खाली बघून बोलत होती, जसं एखादा माणूस औषधाचं विचारतो तसं. "आमच्या सासूबाई तुमची मालिका चुकवत नाहीत. तुम्ही जे करता ते चार दिवसांत आमच्याकडे होतं. तुम्ही सुनेला उंबऱ्याबाहेर जेवायला बसवलंत, मग मी पण बसले. तुम्ही तिचा फोन काढून घेतलात, मग माझा पण घेतला. मला आधी कळलं तर मनाची तयारी करता येईल. एकदम झालं की फार भीती वाटते. म्हणून आले."

मी सामसा खाली ठेवला. आपांचं लक्ष त्या फडक्याकडे गेलं होतं.

"हात दाखव," त्या म्हणाल्या.

"ते बरं होतंय."

"दाखव, बाळ."

तो 'बाळ' शब्द ऐकताच मुलगी अशी दचकली की मागच्या भिंतीला टेकली. मग तिनं फडकं सोडलं. तळवा मी जन्मात विसरणार नाही. जुनी कातडी सुकलेली, तिच्यावर नवी भाजलेली, आणि कडेनं नवे फोड. एकदाच घडलेली गोष्ट नव्हती ती.

मीच विचारलं, "नवरा कुठं आहे तुझा?"

"रशियात. बांधकामावर. त्यांचा फोन आला की सासूबाई शेजारी बसतात."

"आणि तुझी आई?"

"आईपण मालिका बघते. ती म्हणाली, सून शेवटी जिंकणार आहे, तू धीर धर."

आपा भिंतीकडे बघत होत्या. पुढचे भाग कधीच चित्रित झाले होते. त्यातला एक गुरुवारी लागायचा होता, आणि त्यात रिसोलत सुनेची वेणी कापते. मलोहतच्या खोट्या वेणीला गाठी मीच घातल्या होत्या. आपांनी ते तिला सांगितलं. कसं सांगितलं देव जाणे, पण खोटं बोलल्या नाहीत.

मुलीचा डावा हात हळूच पाठीमागे गेला आणि वेणीवर थांबला.

"गुरुवारी का?" तिनं विचारलं. थोडा विचार केला आणि माझ्याकडे वळली. "खाला, तुम्ही केस कापता ना? मग आजच कापून द्या. त्यांनी कापण्यापेक्षा तुम्ही कापलेले बरे."

आपा उठून आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी अकमलला फोन लावला. दार उघडं होतं, फोन स्पीकरवर होता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"तो वेणीचा भाग काढ."

"आपा, जाहिरात गेलीय त्याची! झालं काय?"

आपांनी सांगितलं. मग अकमल म्हणाला, "बिचारी. खरंच बिचारी. पण आपा, एका वेड्या बाईपायी आपण मालिका बदलायची? सुरी दाखवायची नाही, चहा दाखवायचा नाही, मग दाखवायचं काय? आणि एक सांगू? रागावू नका. नटाच्या कामाचा लोकांवर इतका परिणाम होतो, हे कुठल्या नटाच्या नशिबी येतं?"

आपांनी फोन ठेवला. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखता येईना. "उद्या आपण हिच्या घरी जायचं," एवढंच बोलल्या.

मला वाटलं होतं, त्या खेड्यात आम्हाला कुणीतरी हडळ भेटणार. पण दारात आली ती गोल चेहऱ्याची, हसऱ्या डोळ्यांची, बुटकी बाई. तोजिनिसो तिचं नाव. आपांना बघताच तिनं दोन्ही हात गालांवर ठेवले आणि आनंदानं ओरडली. आपांच्या गळ्यात पडली, त्यांचे खांदे थोपटले. "माझ्या घरी! रिसोलत माझ्या घरी! अगं सूनबाई, माहेरी जाते म्हणालीस आणि हा नजराणा घेऊन आलीस?" शेजारणी कुंपणावरून डोकावल्या आणि बघता बघता आतली खोली भरली. तोजिनिसोनं आपांना दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं, जमिनीवर दस्तरखान अंथरून त्यावर मनुका, बदाम, खडीसाखर मांडली. कोंबडी कापायला सांगितली. गाणं म्हटलं. आवाज गोड होता तिचा. नवरा तरुणपणी गेला, एकटीनं मुलगा वाढवला, कापूस वेचून वेचून बोटं वाकडी झाली, हे सगळं तिनं हसत सांगितलं. आणि मी मनात म्हटलं, या बाईशी माझी मैत्री झाली असती.

"सूनबाई, चहा!"

ओयजमोलनं किटली आणली. पेल्यात चहा ओतला, वाफ निघत होती. तिनं पेला डाव्या हातानं आपांना दिला.

शेजारणी एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. "म्हणा ना, आपा," एक म्हणाली. "एकदाच म्हणा."

"हो हो, म्हणा!" तोजिनिसो टाळ्या वाजवत म्हणाली. "टीव्हीत बघतो त्यापेक्षा समोर ऐकू द्या!"

आणि तेव्हा ओयजमोलनं, कुणी सांगितलं नव्हतं, आपला फडकं बांधलेला हात पुढे केला आणि तळवा वर केला.

बाया हसल्या. अगदी मोकळेपणानं हसल्या.

आपांनी तो हात हलकेच बाजूला केला. मग तोजिनिसोकडे वळल्या आणि लाडानं म्हणाल्या, "तुमचा द्या."

तोजिनिसो लाजली. एवढी मोठी नटी आपल्याशी खेळतेय, याचा तिला कोण आनंद झाला! तिनं डोक्यावरचा रुमाल सावरला, शेजारणींकडे बघून डोळे मिचकावले आणि हात पुढे केला. आपांनी तो आपल्या हातात घेतला, बोटं एकेक करून उघडली. पेला कलला. चहा काठाशी आला.

तोजिनिसोनं हात झटकन मागे ओढला.

"का हो?" आपा म्हणाल्या. "अजून ओतलाच नव्हता की."

तोजिनिसोचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, फक्त त्याला आता काही अर्थ नव्हता. ती आपल्या तळव्याकडे बघत होती. मग सुनेच्या फडक्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मी काय वेगळं केलं? तुम्हीच तर..."

"मी," आपा म्हणाल्या. "हो." पेला खाली ठेवताना चहा दस्तरखानावर सांडला. त्या उठल्या आणि ओयजमोलला म्हणाल्या, "येतेस?"

मुलीनं सासूकडे बघितलं नाही. आत जाऊन एक गाठोडं आणि बूट घेऊन आली. तिला कुणी अडवलं नाही. शेजारणी पाय गोळा करून वाट देत होत्या, जशी मयतीला देतात. मागच्या अंगणात कुणीतरी अजून कोंबडीची पिसं काढत होतं.

परतीच्या वाटेवर घाटात धुकं होतं, गाडी मी चालवत होते. ओयजमोल मागे झोपली. आपा पुढे बसल्या होत्या, माझ्या शेजारी.

"बरं झालं थांबलात," मी म्हणाले. "क्षणभर वाटलं, खरंच ओतताय."

"ओतणार होते," आपा म्हणाल्या.

मी गाडी हळू केली.

"तिनं हात ओढला नसता तर मी ओतला असता, फ्लूरा. मी थांबले नाही, ती थांबली. लोक म्हणतात, तुमची सासू असणार अशी, तिच्यावरून उचललंत. माझी सासू! तिनं मला कधी अगंतुगंही केलं नाही. मला कुणीच असं केलेलं नाही. मी बाजारातही पाहिलेलं नाही. मी किती शोधलं गं, कुठून आलं ते. ते माझ्यातच होतं."

मी समोरची काच पुसली आणि धुक्यातून गाडी पुढे काढली.

गुरुवारी तो भाग लागला. ओयजमोल आपांच्या घरीच होती. आम्ही आमचा टीव्ही लावला नाही. पण जुन्या शहरातली घरं एकमेकांना चिकटलेली. दोन्ही बाजूंच्या भिंतींतून आपांचाच आवाज येऊ लागला, तोच मायेचा, हळू आवाज. ओयजमोल वेणी छातीशी धरून बसली होती. आपांनी रेडिओ मोठा केला, मग स्वयंपाकघरातला नळ सोडला, मग भांडी घासायला घेतली, स्वच्छ भांडीसुद्धा. तरी तो ऐकू येतच होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काम सोडलं. अकमल आला, रागावला, मग रडला, मग कोर्टाची भाषा केली, पण शेवटी त्यानं रिसोलतला मारलं. झोपेतच हृदय बंद पडलं असं दाखवलं आणि भिंतीवर आपांचा काळी पट्टी लावलेला फोटो टांगला. त्या आठवड्यात मोहल्ल्यातल्या दोन बायका खरोखरच आपांच्या दारात सांत्वनाला आल्या आणि दार आपांनीच उघडल्यावर हबकून उभ्या राहिल्या.

वसंतात ओयजमोलचा नवरा आला. सोबिर नावाचा, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा. "माझी आई असं करणार नाही," दारातच म्हणाला. ओयजमोलनं त्याच्यापुढे तळवा उघडला. तो उंबऱ्यावर बसला तो किती तरी वेळ उठलाच नाही. मग खेड्याकडे गेला. आईशी काय बोलला हे त्यानं कधी सांगितलं नाही. परत आला आणि बायकोला घेऊन कोकंद शहरात वेगळा राहिला. टायरांचं दुकान काढलंय, एक मुलगी आहे. ओयजमोलच्या उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत, पण नान ती उत्तम लावते. तोजिनिसोला महिन्यातून एकदा सोबिर एकटाच भेटून येतो.

आपांना नंतर मोठी कामं आली, त्यांनी घेतली नाहीत. आता त्या मुलांच्या बाहुलीनाट्यात आहेत. पडद्यामागे बसून शेळीचा आणि पाहुण्या करकोच्याचा आवाज काढतात.

गेल्या वर्षी अकमल पुन्हा आला. केस पिकलेत आता त्याचे. मिठाई घेऊन आला होता, आणि नव्या मालिकेची संहिता. त्यात एक आजी होती, सगळ्या घराची आधार, नातवंडांची लाडकी.

"आपा, हिच्यावरून कुणी तुमच्याकडे बोट दाखवू शकणार नाही," तो म्हणाला. "नुसती गोड बाई आहे."

आपांनी चष्मा लावून सगळी संहिता वाचली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. आम्ही दोघं अंगणात बसून होतो. संध्याकाळ होत आली तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"ही बाई वाईट कुठं होते?"

"कुठंच नाही होत, आपा. तेच तर सांगतोय."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मग मला नाही जमणार," आपा म्हणाल्या. "अशी बाई मी पाहिलेली नाही."

अकमल हसला, त्याला वाटलं थट्टा करतायत. मी हसले नाही. त्यानं ती भूमिका दुसऱ्या नटीला दिली, तिचा मेकअप मीच करते. आणि रविवारी सकाळी आपांना बाहुलीनाट्याला सोडून येते, कारण थंडीत त्यांचे गुडघे दुखतात आणि बसची पायरी त्यांना चढवत नाही.